हुक धुतला त्याची गोष्ट

खंडेनवमीला उज्वलाने सकाळीच पाट मांडला. विळी, कात्री, सुयशचे पाने-पक्कड. एसी दुरुस्ती शिकणाऱ्या पोराची हत्यारं तीच की! फक्त हुक नव्हता.

हुक धनाजीचा, म्हणजे सुयशच्या बापाचा. कांद्याच्या गोणीत रुतवून ती ओढायचा लोखंडी आकडा. माथाडी माणसाची भाकरीच त्यावर. पण दारू पोटात गेली की हा बाबा तोच हुक उलटा धरायचा आणि लाकडी मुठीने बायकोला बडवायचा. गेल्या दिवाळीत सुयशने त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. जेमतेम मिसरूड फुटलेलं पोर, पण बापाला बोनकोड्याच्या राहत्या खोलीतून बाहेर काढलं. तेव्हापासून धनाजी कांदा मार्केटात गाळ्यावर झोपतो. दारू सुटली म्हणे. म्हणे कशाला, सुटलीच. त्याच्याबरोबर गोण्या ओढणारी अख्खी टोळी सांगते.

आज तो दारात उभा होता. दाढी घोटलेली, हुक फडक्यात गुंडाळलेला. एवढा पूजेला घ्या, मी जातो, म्हणाला.

सुयशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच दमात आठवलं, गावच्या जत्रेत याच माणसाच्या खांद्यावर बसून त्याने पालखी पाहिली होती. बाप त्याला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण मार आईने खाल्लेला. माफी त्याने परस्पर कशी द्यायची? गेल्या वर्षी बापाला हाकलताना त्याने तिला विचारलं नव्हतं. एवढी अक्कल आता आली होती.

"आई, तू सांग," तो म्हणाला.

उज्वलाने हातातली वात वळून निरांजनात ठेवली.

"धुतल्याबिगर हत्यार पाटावर येत नाही," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं धुवावं. आणि उद्यापासून हुक मार्केटात राहील. माणूस घरी आला तर चालंल."

धनाजी मोरीत उकिडवा बसला. लोखंडाला त्याने नुसतं पाणी दाखवलं. मूठ मात्र काथ्याने घासायला लागला तो थांबेचना. खाली मान, डोळ्यांना धार, नळ वाहतोय.

"पुरे आता," उज्वला आतून म्हणाली. "लाकूड झिजंल."

सुयशला हसू फुटलं. त्याने बापाच्या हातातून हुक घेतला, पुसला, आपल्या पक्कडीशेजारी ठेवला आणि पूजेला बसताना सरकून बापाला जागा दिली.