फक्कीचं घर

"अहो वन्सं, भिंत आहे तिथं! भिंतीतून कुठं निघालात?"

नणंद डोक्यावर गवताचा भारा घेऊन जागच्या जागी थांबली. एक पाय ओळीच्या अलीकडे, एक पलीकडे. वर भर दुपारचं आभाळ, चहूकडे मोकळा मुरूम, आणि भिंत म्हणायची तर चार बोटं रुंदीची पांढरी चुन्याची फक्की.

"कुठाय भिंत? मला काही दिसत नाही."

"दार तिकडं आहे."

"वहिनी, मान मोडायची वेळ आलीय माझी. आणि आता भारा घेऊन तुझ्या दाराला वळसा घालू?"

"घाला. चार पावलं जास्त चालून कुणी मरत नाही."

बोलून गेली खरी, पण 'मरत' हा शब्द दोघींनाही टोचला. नणंदेनं पाय मागे घेतला. पुटपुटत, शिव्या देत, पण दोन दगडांमधल्या फटीतून, म्हणजे दारातूनच ती आत आली आणि पलीकडच्या दारानं आपल्या गोठ्याकडे गेली. गावात असं वागणारी ती एकटी नव्हती. पोस्टमनही दारातूनच यायचा. बाकीचे लोक लांबून बघायचे आणि हसायचे.

हसतील नाही तर काय करतील! नऊ वर्षं झाली, त्या मोकळ्या जागेत एक घर होतं आणि ते फक्कीचं होतं. वीटभट्टीवर विटा पाडणाऱ्या बाईचं घर. दिवसाला पाचशे विटा साच्यातून काढायची ती. लोकांची घरं तिच्या हाताखालून गेली होती, आणि स्वतः झोपायची ती नणंदेनं दिलेल्या पत्र्याच्या खोलीत, फक्कीच्या कडेला. झोपण्यापुरती खोली. स्वयंपाक मात्र फक्कीच्या आत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडलेल्या चुलीवर. वारा सुटला की धूर डोळ्यात जायचा, पण तिनं चूल हलवली नाही.

ही आखणी तिच्या नवऱ्यानं केली होती. तो गवंडी. हात इतका साफ की ओळंबा लावायच्या आधीच भिंत सरळ आहे का वाकडी हे सांगायचा. जागा घेतली त्याच महिन्यात गावात बातमी आली, की सरकारनं पोस्टात घरासाठी बचतीचं खातं काढलंय. तुम्ही साठवाल त्यावर सरकार वरून चौथाई घालणार, अट एकच, घर पहिलं पाहिजे. गवंडी तिला घेऊन गेला आणि एकाच दिवशी दोन खाती उघडून आला.

"दोन कशाला?" तिनं विचारलं होतं.

"सरकारला काय ठाऊक आपण एका चुलीवर जेवतो! दोघांना वेगवेगळं देईल ते."

त्या संध्याकाळी त्यानं दोरी ताणली, कोपरे काटकोनात यावेत म्हणून गुण्या लावला आणि फक्की मारली. मग दर महिन्याला पैसे भरून आला की पासबुक हातात घेऊन तो घरभर फिरायचा. "हा झाला उंबरा. ही चौकट. या महिन्यात खिडकीचे दोन गज आले बघ." तीही मागे मागे फिरायची. गज नव्हते, खिडकी नव्हती, पण रस्त्यावरून कोण गेलं हे ती त्याच जागी उभं राहून बघायला लागली. माणसाला सवय लागते ती अशी.

सातव्या वर्षी दुसऱ्याच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर तो उभा होता त्या परांचीचा दोर सुटला. सकाळी चढताना तो शिडीनं गेला होता. खाली यायला शिडी लागली नाही.

त्याच्या खात्यातले पैसे वारस म्हणून तिच्या खात्यात आले. तिनं भरणं थांबवलं नाही. नणंद म्हणाली, आता कुणासाठी? तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात वाऱ्यानं पुसट झालेली फक्की ती पुन्हा मारत होती, एकटीच, दोरीचं एक टोक दगडाला बांधून. तेव्हा तिला पाठीमागून ऐकू आलं.

"कोपरा गुण्यात नाही."

तिनं मागे बघितलं नाही. तिनं गुण्या आणला, लावला. कोपरा दोन बोटं सुटला होता.

तेव्हापासून तो यायचा. रात्री-बेरात्री नाही, भुतासारखा तर मुळीच नाही. दुपारी भट्टीवरून ती जेवायला यायची, ऊन मुरमावर उभं राहायचं, झाडाचं पान हलायचं नाही, अशा वेळी. आधी थापीचा दांडा विटेवर मारल्याचा आवाज. टक, टक. मग एखादं वाक्य, कामाचं. "तिथं रांजण नको, पायात येईल." "दाराला कडी आतून लाव." ती लावायची. हवेत हात नेऊन कडी लावायची. बघणाऱ्यांना वाटायचं बाई गेली कामातून. पण विटांचा हिशोब मुकादमापेक्षा तिचा पक्का होता, आणि उसनं नेलेलं घमेलं कुणाकडे आहे हे तिला तीन महिन्यांनीही आठवायचं. तिला त्याची भीती वाटत नव्हती. तिला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, की एखाद्या दुपारी तो येणार नाही.

नऊ वर्षं भरली तसं खातं पिकलं. आता सरकारची चौथाई मिळाली की छतापर्यंत सगळं होत होतं. नाही मिळाली तर भिंती उभ्या राहणार आणि वर आभाळच राहणार. ती पोस्टात गेली. खिडकीपलीकडे नवीन कारकून होता, घाईत, कानाला फोन लावलेला. तो अर्जावरचे प्रश्न पाठ म्हटल्यासारखे विचारत सुटला. नाव, वय, जागेचा उतारा. आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात,

"तुमचं हे पहिलंच घर ना?"

आता इथं थोडं मागं जायला हवं. गवंड्याच्या आधी तिचं एक लग्न झालं होतं. नदीपलीकडच्या गावात. दोन वर्षांत नवऱ्यानं हाकलून दिलं आणि चार माणसांत बसून ते मोडलं. मग गवंड्यानं तिला आणली. आपल्याकडे अशा बाईला काय म्हणतात ठाऊक आहे ना? 'दुसरं घर केलेली.' गावात आल्यावर दहा वर्षं तिनं हेच ऐकलं. पाण्यावर, भट्टीवर, दुकानात. 'ती बघ, दुसऱ्या घराची.' त्यामुळे 'पहिलं घर' हे दोन शब्द कानावर पडले, की तिची मान आपोआप खाली जायची. आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"नाही साहेब," ती हळूच म्हणाली. "दुसरं."

"दुसरं? पहिल्याचं काय झालं?"

"मोडलं."

"कधी?"

"झाली की वीसेक वर्षं."

"कुठं होतं?"

"नदीपलीकडं."

"काही कागदपत्रं?"

"कागद कसले साहेब. चार माणसं बसली आणि मोडून टाकलं."

कारकुनानं सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. तिनं सही केली. बाहेर येऊन तिला वाटलं, सरकारसुद्धा किती खोलात शिरतं माणसाच्या!

महिन्यानं पत्र आलं. पोस्टमन दारातून आत आला, घसा खाकरला आणि वाचलं. "अर्जदाराचे पूर्वीचे घर असल्याने प्रथम गृह अनुदान नामंजूर."

"म्हणजे?" नणंदेनं विचारलं. ती गोठ्यातून धावत आली होती.

"म्हणजे चौथाई नाही. यांचं आधी एक घर होतं म्हणे. तुम्हीच सांगितलंय की, मोडलं म्हणून."

नणंद तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती मटकन खालीच बसली.

"अगं बाई! वहिनी, तो विटांचं घर विचारत होता! आणि तू त्याला तुझा पहिला नवरा सांगून आलीस!"

नणंद हसायला लागली. पोट धरून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. पोस्टमनही हसला. तीही हसली थोडी, आणि मग तिला रडू फुटलं. त्या मेल्या पहिल्या घरानं तिला एक दिवस सुख दिलं नव्हतं, आणि आता या घराचं छप्परही तेच घेऊन चाललं होतं. नणंदेनं तिला जवळ ओढलं. "रडू नकोस. जाऊ आपण दोघी. त्या कारकुनाची अक्कल ठिकाणावर आणते मी."

कारकुनाची अक्कल जागेवरच होती, पण लिहिलेलं त्याला खोडता येत नव्हतं. वरून साहेब येऊन जागा बघणार, जबाब घेणार, मगच काय ते होईल, असं तो म्हणाला.

साहेब आला तोही दुपारचा. तरुण होता, मोटरसायकलवर, मानेला रुमाल. सरळ फक्की तुडवत आत येऊन उभा राहिला. 'दार तिकडं आहे' हे तिच्या तोंडाशी आलं होतं, पण नणंदेनं दंडाला चिमटा काढला.

"ती पत्र्याची खोली कुणाची?"

"माझी," नणंद म्हणाली. "हिचं काही नाही त्यात."

"आणि हे काय?" त्यानं खाली बोट दाखवलं.

"आखणी आहे. माझ्या भावानं केलेली. घर होईल तेव्हा होईल."

साहेब भला माणूस होता. सगळी हकीकत ऐकून हसला नाही. "होतं असं," म्हणाला. "काळजी करू नका, ताई. एका जबाबावर काम होईल." त्यानं पिशवीतून छापील कागद काढला आणि वाचून दाखवला. "मी सत्य सांगते, की आजपर्यंत माझे स्वतःचे कोणतेही घर नव्हते व आजही नाही. माझे वास्तव्य कधीही स्वतःच्या घरात झालेले नाही. इथं सही करा."

तिनं पेन हातात घेतलं.

थापीचा आवाज तिला मघापासून येत होता, खिडकीच्या बाजूनं. टक, टक. तो आत्ता थांबला. काम करता करता माणूस हातातलं ठेवून कान देतो, तसा.

"साहेब, जरा बाहेर येता का?"

"बाहेरच तर उभे आहोत आपण."

"नाही. रस्त्यावर."

"अगं सही कर ना, वहिनी!" नणंद कासावीस झाली. तिला कळलं होतं. तिनं आवाज खाली आणला. "मेलेल्याला कागद वाचता येत नाही गं. जिवंतपणी तरी कुठं येत होता त्याला."

"साहेबांनी मोठ्यानं वाचला ना," ती म्हणाली.

ती दारातून बाहेर पडली. साहेब गोंधळून मागोमाग आला. रस्त्यावर मोटरसायकलच्या तापलेल्या सीटवर तिनं कागद ठेवला.

"आत काय अडचण होती, ताई?"

"आत माणूस आहे," ती म्हणाली. "सात वर्षं त्यानं मला या घरात ठेवली. मला घर नव्हतं, असं त्याच्यासमोर कसं लिहून देऊ?"

साहेबानं मागे वळून मोकळ्या जागेकडे बघितलं. मुरमावर ऊन होतं, आणि चुलीजवळ नणंद तोंडावर हात ठेवून उभी होती. मग त्यानं कागदावर सहीची जागा बोटानं दाखवली. तिनं सही केली. नाव पूर्ण लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.

साहेब गेल्यावर ती बराच वेळ रस्त्यावरच उभी राहिली. आत जायला तोंड नव्हतं. शेवटी गेली, स्वयंपाकघरात बसली. "सही केली," ती म्हणाली. "छत मिळेल आता." पलीकडे कुठं गाय हंबरली, तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवण तसंच ठेवून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम फक्की वाकडी मारली, चांगली चार बोटं वाकडी, आणि वाट बघितली. कुणी काही म्हटलं नाही. तिनं स्वतःच ती पुसली आणि सरळ केली.

घर झालं. गवंड्याच्या हाताखाली शिकलेली माणसं आली, त्यांनी त्याच ओळींवर पाया खणला, तिच्याच हातच्या विटा लावल्या. दिवसभर पाच-सहा थाप्या वाजायच्या, आणि ती घमेलं भरता भरता एकेकीचा आवाज कानानं वेगळा करायची. छत घातलं त्या दिवशी नणंदेनं सगळ्यांना चहा पाजला. "नशीब काढलंस, वहिनी," म्हणाली. खिडकीतून रस्ता दिसत होता, अगदी तो म्हणाला होता तसाच. दाराला लोखंडी कडी होती. ती लावली की आत इतकं शांत व्हायचं, की तिला पुन्हा उघडावी लागायची.

दोन महिने तिनं काढले. मग एक दिवस भट्टीवर खाडा करून ती पोस्टात गेली. कारकून तोच होता.

"काय बाई, झालं ना घर?"

"झालं. साहेब, तो कागद परत मिळेल का? मी सही केलेला."

"कुठला? जबाबाचा? कशाला हवाय?"

"त्यात एक चूक आहे. त्यात लिहिलंय, मला घर नव्हतं. ते खोडायचंय."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "बाई, अहो, ते खोडलं तर चौथाई परत मागतील तुमच्याकडून."

"मागू द्या. फेडीन मी. रोज पाचशे विटा पाडते."

तो खिडकीशी पुढं वाकला. वाईट माणूस नव्हता तोही. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आता इथं नाही तो, बाई. वर गेला. आणि एकदा वर गेलं की परत येत नाही."

"हो," ती म्हणाली. रांगेतल्या मागच्या माणसाला जागा देत ती बाजूला झाली. "तेवढं ठाऊक आहे मला."