वेनादो गल्लीच्या किल्ल्या

गटार योजनेच्या ओरोस्को साहेबांनी गल्ल्यांची यादी वाचून संपवली आणि चष्मा खिशात ठेवला. यादीत वेनादो गल्ली नव्हती.

शाळेच्या जेवणघरात, मुलांच्या बुटक्या बाकांवर, अख्खी सांता लुसिया वस्ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गटाराची नळी कुठे येणार हे ऐकायला माणसं कामावरून तशीच आली होती. तेंचा मात्र ओट्याच्या कडेला, आपल्या नेहमीच्या जागी होती. अठरा वर्षं तिने इथे पोरांच्या ताटात वाढलं होतं. आपली वेनादो गल्ली यादीतून का गळली ते त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

चावेला उठून उभी राहिली. ही तेंचाची शेजारीण. तिच्या धाकट्या लेकीची तेंचा धर्माची आई, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"साहेब, आमची गल्ली वाचायची राहिली वाटतं."

राहिली नव्हती. साहेबांनी कागद चाळून सांगितलं, की जूनच्या पाहणीत वेनादो गल्लीच्या सातही घरांना पक्क्या टाक्या असल्याची नोंद आहे, सांडपाण्याची तक्रार नाही.

"पक्क्या टाक्या?" चावेलाला हसूच आलं. "माझ्या परसात एक पाय टाकून बघा, बूट तिथेच राहील तुमचा. आणि जूनमध्ये आम्ही होतो कुठे इथे? सगळे वर मिशिगनला, बागांत."

हे खरं होतं. दरवर्षी मे संपता संपता गल्लीतली सहा घरं खिडक्यांना फळ्या ठोकून फळांच्या तोडणीसाठी उत्तरेला जात. तेंचाचे गुडघे गेल्यापासून ती मागे राहायची. निघायच्या दिवशी एकेक गाडी तिच्या फाटकाशी थांबायची आणि किल्ली हातात पडायची. कुणाच्या कोंबड्या, कुणाची झाडं, कुणाचं टपाल. स्वयंपाकघराच्या दाराशी, माता मेरीच्या तसबिरीखाली एक खिळा होता, त्याला सहा किल्ल्या लटकत. त्या खिळ्याकडे बघून तेंचाला फार बरं वाटायचं. नवऱ्यामागे तिची स्वतःची अशी एवढीच श्रीमंती होती.

पाहणीवाली मुलगी आली त्या शनिवारी नेमके तिच्या लेकीच्या, येसेनियाच्या, होणाऱ्या सासरचे पहिल्यांदा घरी आले होते. शहरातली माणसं, मोठी मोटार. तेंचा पहाटेपासून मोलेचा मसालेदार रस्सा घोटत होती. परसातल्या संडासाच्या खड्ड्यावर तिने लव्हेंडरच्या वासाच्या औषधाची अख्खी बाटली ओतली, वर पत्रे टाकले, पत्र्यांवर फुलांच्या कुंड्या मांडल्या. तो खड्डा नवऱ्याने खणला तेव्हा गल्लीत दोन घरं होती आणि पाणी पिंपांतून यायचं. मग नळ आला, धुण्याची यंत्रं आली, दोनाची सात घरं झाली. जमीन तरी किती पिणार? दिलेलं सगळं ती परत करू लागली.

ओसरीवर व्याहीणबाई कॉफी पीत असताना त्या पोरीने फाटकातूनच विचारलं, "मावशी, तुमच्या संडासाचं पाणी कुठे जातं?"

व्याहीणबाईंचा कप ओठांशीच थांबला.

"टाकी आहे ना. पक्की," तेंचा म्हणाली. "दरवर्षी उपसून घेतो."

"आणि ही बाकीची घरं? सगळ्यांना कुलपं दिसतात."

इथे तरी तेंचाने गप्प बसायचं. पण शेजारी घाण म्हटली, की आपल्या पक्क्या टाकीवर कोण विश्वास ठेवणार? "किल्ल्या माझ्याकडेच असतात," ती तोऱ्यात म्हणाली. "सगळ्यांचं असंच आहे." आणि सातही घरांच्या कागदावर सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

साहेब आता सांगत होते, की ज्याने सही केली त्याने ती माहिती खोटी होती असं आज लिहून दिलं, तर फेरपाहणी होईल. नाहीतर पुढची योजना यायला आठ-दहा वर्षं. चावेला अजून उभीच होती. धाकटी या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात राहून आली, जंत झालेत, डॉक्टर म्हणतात तिला परसात खेळू देऊ नका, मग खेळू कुठे देऊ, असं ती कुणाला उद्देशून नव्हे, तशीच बोलत होती. त्या पोरीचं डोकं बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तेंचानेच धरलं होतं.

"मी सांगितलं," तेंचा म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. रांगेतल्या दोनशे पोरांना गप्प करणारा तिचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "साहेब, मी सांगितलं. सही माझी आहे."

कुणीतरी विचारलं, का.

"पाहुणे बसले होते."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चावेला तिच्याकडे वळली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "किल्ली मी कोंबड्यांना दाणे टाकायला दिली होती." आणि खाली बसली.

तेंचाने लिहून दिलं. जानेवारीत फेरपाहणी झाली, मार्चमध्ये गल्लीचं नाव यादीत चढलं. येसेनियाचं लग्नही ठरल्याप्रमाणे पार पडलं. लग्नात व्याहीणबाई सहज म्हणाल्या, की त्यांचं बालपण अशाच वस्तीत गेलं, लव्हेंडरचा एवढा वास आला की आईची आठवण झाली. तेंचाला तोंड कुठे लपवू असं झालं. ज्यांच्यापासून झाकलं त्यांना पहिल्या घोटालाच कळलं होतं.

मे संपला. फळ्या ठोकल्याचे आवाज आले. तेंचा आंघोळ करून फाटकाशी उभी राहिली. पाच गाड्या न थांबता, नुसता हात हलवून गेल्या. सहावी, चावेलाची, जरा हळू झाली. मागच्या खिडकीतून धाकटीने हात केला. गाडी थांबली नाही.

जुलैत खोदाईचं यंत्र आलं. नळी जोडण्याआधी जुने खड्डे बुजवायचे होते. मुकादमाने सहा कुलपं बघितली आणि सातव्या घरात येऊन विचारलं, खड्डे कुठे आहेत ते इथे कुणाला माहीत आहे का.

"मला," तेंचा म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

एकेका बंद फाटकाशी ती थांबायची आणि कुंपणावरून काठी लांब करून दाखवायची. तिथे, लिंबाच्या झाडामागे. तिथे, कपड्यांच्या तारेखाली. चावेलाच्या फाटकाशी ती जास्त वेळ उभी राहिली. कोंबड्या चावेलाने विकून टाकल्या होत्या, खुराडं उघडं होतं.

"खुराड्याच्या डाव्या हाताला," ती म्हणाली. "दोन आहेत. पहिला भरला म्हणून दुसरा खणला."

"आणि तुमचा?"

तेंचा परत आली, परसात गेली आणि पत्र्यावरच्या कुंड्या एकेक करून बाजूला ठेवू लागली.