घंटेनंतरची अकरा मिनिटं

साखर कारखान्यात नवा इंजिनिअर आला आणि त्यानं पॅनघरात पाटी ठोकली : काम थांबवायची घंटा वाजताच प्रत्येकाने त्याच क्षणी काम सोडावे. पॅनची खालची झडप कुठं आहे हे ज्याला ठाऊक नाही त्यानं पाट्या ठोकाव्यात, हे पॅन चालवणाऱ्या सत्तारला झोंबलं. पॅन म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायचं दोन पुरुष उंचीचं लोखंडी भांडं. दाणा धरल्यावर मधेच वाफ तोडली, की आतला माल थिजून दगड होतो. सत्तार बारा हंगाम एकच करत आला होता. घंटा ऐकली की नवा रस बंद, हातातला माल खाली उतरवायचा, मग वाफ बंद. अकरा मिनिटं.

चेअरमनच्या सत्कारादिवशी भरदुपारी घंटा वाजली. आग नाही, बिघाड नाही. भाषणात वाफेचा फुसफुसाट नको, एवढंच. शेजारच्या पॅनवरच्या भिमाजीनं पाटीकडं बघितलं आणि वाफ तोडली. सत्तारनं रस बंद केला आणि पॅनच्या काचेला डोळा लावला. इंजिनिअर साहेब धावत आला. बहिरा झालास का, आत्ता बंद कर, नाहीतर उद्या गेटाबाहेर.

"घंटा म्हंजे सांगावा हाय, साहेब. सांगावा पोचला. तो कसा पार पाडायचा ते माझं काम. पॅनचा जीवच घ्यायचा आसंल तर बॉयलरचा मोठा वॉल्व्ह फिरवा, त्याच्यापुढं माझं काय चालत न्हाई. पन कुनी फिरवला ते लिहून द्या."

लिहून द्यायची साहेबाची छाती नव्हती. चेअरमन फुसफुसाटातच बोलला.

भिमाजीचा पॅन गच्च थिजला. आठ माणसं आत उतरून दोन दिवस पहारीनं फोडत होती. तिसऱ्या दिवशी साहेबानं सत्तारला बोलावलं. भिमाजी झोपला होता असं लिहून दे, नोकरी राहील.

"त्यानं तुमचीच पाटी पाळली," सत्तार म्हणाला आणि साहेबानं पुढं केलेला कागद कोराच टेबलावर ठेवून निघाला. संध्याकाळच्या आत त्याला काढल्याचं पत्र हातात पडलं.

दुसऱ्या दिवशी तो गेटासमोरच्या हॉटेलात चहा पीत असताना घंटा वाजली. सत्तारनं कप खाली ठेवला. फुसफुसाट थांबला नाही. दोन्ही पॅनांचा. सत्तारच्या जागी आलेल्या माणसाचा. भिमाजीचासुद्धा. अकरा मिनिटांनी तो थांबला, तोवर चहा गार झाला होता.

"आता किती जनांना काढतोय बघू," तो हॉटेलवाल्याला म्हणाला आणि गार चहा एका घोटात प्यायला.