मुंग्यांनी नेलेली कोंबडी

मी एक मॉनिटर बोलतोय. जाड काचेच्या तोंडाचा, पाठीला कुबड असलेला, आता कुणाला नको झालेला. माझ्याबरोबर दोन स्पीकरही आले होते, पण त्यांची वायर त्या घरात कुणी कधी जोडलीच नाही. ज्या मुलीसाठी आम्हाला आणलं, तिला ऐकू येत नव्हतं.

तिचं नाव स्नेहल. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या देवरामदादांची एकुलती एक लेक. लहानपणी तापात तिचे कान गेले. देवरामदादा तिच्याबरोबर कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाऊन हातांची भाषा शिकले. आई, अक्काबाई, मात्र शिकल्या नाहीत. त्या कळवणकडच्या. हातवाऱ्यांची सवय लागली तर पोरगी कायमची मुकी राहील, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलं होतं. म्हणून त्या तिची हनुवटी धरायच्या, स्वतःचे ओठ मोठे मोठे हलवायच्या आणि म्हणायच्या, "तोंडानं बोल बाई. आ-ई म्हण." स्नेहल मान वळवून माझ्याकडे बघत बसायची. दोघींचा एकमेकींवर जीव होता. बोलणं तेवढं नव्हतं.

दोन हजार साल उलटलं आणि स्नेहल नाशकातल्या एका संगणक वर्गाला जाऊ लागली. तिथले सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, मग ओठ वाचणार कसे? नेटवर्क शिकवलं त्या दिवशी ती घरी येऊन माझ्यासमोर रडली. दोन कॉम्प्युटर वायरनं जोडतात इथवर ठीक, पण त्या वायरीतून जातं काय आणि कसं, ते तिला उमगेना.

तिच्या जुन्या शाळेतल्या रोशनीबाई तेव्हा घरी आल्या. त्यांनी कागदावर एक चित्र काढलं, कात्रीनं त्याचे तुकडे केले, आणि एक तुकडा टेबलावरून, एक खुर्चीवरून, एक खिडकीवरून असे नेऊन पलंगावर पुन्हा जुळवले. स्नेहल उठून उभीच राहिली. तिचे हात भराभर चालू लागले. देवरामदादांनी ते अक्काबाईंना सांगितलं, "ती म्हणतेय, शाळेतल्या बारक्या पोरांसाठी हे मी हलत्या चित्रांत करणार. एकही अक्षर न लिहिता."

त्यानंतर कितीतरी महिने माझ्या तोंडावर नुसत्या मुंग्या फिरत होत्या. एक पाय पुढे, एक मागे, पुन्हा पुसायचं, पुन्हा काढायचं. मुंगीला घाई झालेली कशी दाखवायची, या एका गोष्टीवर तिनं आठवडा घालवला असेल. अक्काबाई चहा ठेवायला यायच्या आणि म्हणायच्या, "मुंग्याच काढती बाई दिसभर." मग तिच्या केसांवरून हात फिरवून जायच्या.

चित्रं पुरी झाली. सुट्टी संपली की शाळेत दाखवायची असं ठरलं. त्या सुट्टीतच तिला कावीळ झाली. आधी डोळे पिवळे, मग अन्न जाईना, मग दवाखाना. ती परत आली नाही.

तिथलं मी अक्काबाईंच्या तोंडून ऐकलं. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. माझ्यावर पांघरलेला रुमाल सरकलेला होता. अक्काबाई जमिनीवर बसल्या होत्या.

"अहो, तुम्ही औषध आणायला गेलता ना, तवा ती मला काहीतरी सांगत व्हती. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताची मूठ अशी छातीवर. अशी थरथर हालवायची. सारखी. मला वाटलं छातीत दुखतंय. मी सिस्टरला बोलवाया पळाले. आले तं..." त्या थांबल्या. "काय म्हणत व्हती ती?"

देवरामदादांनी अक्काबाईंनी छातीवर धरलेली मूठ पाहिली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "दुखतंय असंच म्हणत होती. तू बरोबर केलंस."

अक्काबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

पुढे रोशनीबाईंनी ती चित्रं मागितली. देवरामदादांनी आम्हाला सगळ्यांनाच शाळेला देऊन टाकलं. अक्काबाई रिक्षात मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

वर्गात मुलं दाटीवाटीनं बसली. माझ्या तोंडावर एक तुरेवाली कोंबडी आली. तिचे चौकोनी तुकडे झाले. कुठला तुकडा कुठे बसायचा, ते कळावं म्हणून प्रत्येकावर ठिपके. एकेक तुकडा पाठीवर घेऊन मुंग्या निघाल्या. कुणी पुलावरून, कुणी दगडामागून, जिला जी वाट मोकळी दिसेल तिनं. शेवटची आधी पोचली, पहिली मागून आली, तरी ठिपके बघून कोंबडी जुळू लागली. एक मुंगी मात्र पाण्यात पडली. कोंबडीला मानच नाही! मुलं हसून हसून लोळली. पलीकडून एक मुंगी रिकामी चौकट घेऊन मागे धावली, तोच तुकडा पुन्हा निघाला, मान बसली आणि कोंबडीनं पंख झाडले.

अक्काबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या रोशनीबाईंना म्हणाल्या, "मला समजलं की! तुकडं करून धाडायचं. जो हरवला, तो परत मागवायचा."

"हो. नेटवर्क तसंच चालतं."

"सगळं समजलं मला," अक्काबाईंचा आवाज फाटला. "येवढं व्हतं तिच्या मनात. आन् मी आ-ई म्हण, आ-ई म्हण करत बसले."

त्या मग शाळेतच मदतीला येऊ लागल्या. मुलींच्या वेण्या घालता घालता त्यांच्याकडूनच एकेक खूण शिकल्या. भूक. झोप. आणखी वाढ.

जूनमध्ये पेठकडून एक नवी मुलगी शाळेत राहायला आली. आई दाराकडे निघाली तशी तिनं मूठ छातीवर धरली आणि थरथर हलवू लागली. माझ्यावरची धूळ पुसणाऱ्या अक्काबाईंचा हात थांबला.

"बाई, हिला दुखतंय का?"

"नाही हो," रोशनीबाई म्हणाल्या. "भीती वाटतेय म्हणतेय. आई, जाऊ नको म्हणतेय."

अक्काबाईंनी माझ्या काचेला धरलं. त्यांची बोटं किती गार होती, ते मला आजही सांगता येईल.

संध्याकाळी देवरामदादा त्यांना न्यायला आले. "डोळे का लाल?"

"मुंग्या बघत बसले जरा. चला, तुम्हाला भूक लागली असंल."

आपल्याला कळलं आहे, हे त्यांनी दादांना कधी कळू दिलं नाही. दोघं पायऱ्या उतरून गेले. दादांनी त्यांची पिशवी घेतली होती.

आता शाळेत चपटे पडदे आलेत. स्नेहलच्या मुंग्या त्यांच्यावर चालतात, रंगही जास्त खुलून दिसतात. माझी काच पिवळी पडली, मध्ये आडवी रेघ आली. उद्या भंगारवाला येणार आहे. माझी तक्रार नाही. माझं ऐकणाऱ्यांनो, मागणं एकच. तुमच्या घरात न बोलणारं कुणी असेल, तर त्याच्या हातांकडे बघायला वेळेत शिका.

कोपऱ्यातून मला अजून वर्ग दिसतो. एखादं लेकरू मूठ छातीवर नेतं. अक्काबाई त्याच्याजवळ खाली बसतात. कुणी हाक मारो, दूध उतू जावो, घंटा होवो. त्या उठत नाहीत.