जळोचीतली अकरा जोती

जळोचीच्या पलीकडच्या त्या रानात अकरा जोती होती. दगडाची, सिमेंटनं दरजा भरलेली, गुडघाभर उंच. विजेचे खांब चार, पण तार एकावरही नाही. हापसा एक, त्याला दांडा नाही. नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या वैष्णवीनं हे सगळं दोनदा मोजलं, कारण प्लॉट दाखवणारे मानसिंगराव आल्याआल्याच म्हणाले होते, "बघा, सगळं बुक. दोनच राहिल्यात."

तिचे वडील आबाजी निमगाव केतकी सोडून बारामतीच्या एमआयडीसीत वॉचमन झाले, त्याला तीन वर्षं झाली होती. कारखाने वाढले तशी खोल्यांची भाडी वाढली, आणि मालकिणीनं दिवाळीच्या आत खोली रिकामी करायला सांगितली. आबांनी मग गावाकडची उरलीसुरली मेंढरं विकली. ते पैसे आता कोपरीच्या आतल्या खिशात होते. आज इसार द्यायचा होता.

"येवढी घाई का वं?" वैष्णवीच्या आईनं, साखरबाईंनी विचारलं.

"मला न्हाय वयनी, जागंच्या दराला घाई हाय. दिवाळी झाली की दीडपट."

साखरबाई जोत्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघू लागल्या.

"काय हुडकतीस?" आबा म्हणाले.

"कुंकू. न्हायतर नारळाची करवंटी. आवो, हळद-कुंकू लावल्याबिगार कोण पाया घालतं का?"

"पाऊस झाला न्हवं. धुऊन गेलं," मानसिंगराव हसले.

"अकराच्या अकरा?"

"वयनी, तुमी घराला जागा बघाया आलाय का देवळाला?"

आबाही थोडे हसले. वैष्णवी हसली नाही.

"हे जोतं कुणाचं?"

"बावड्याच्या गुरुजींचं."

"मघाशी ते पलीकडचं गुरुजींचं म्हणालात."

"दोन भाऊ हायत. दोघंबी गुरुजी."

"आणि बांधकाम थांबलंय ते?"

"पगार हुईल तसं बांधत्यात."

असंही असू शकतं, तिला वाटलं. लोक बांधतातच तसं. तिनं पायाखाली पाहिलं. माती काळी होती, हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. असल्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं, नाहीतर भिंत तडकते. निमगावात चुलत्यांच्या घराचा पाया कमरेइतका गेला होता आणि उकरलेला मुरूम वर्षभर अंगणात पडून होता. इथं मुरमाचा खडाही दिसत नव्हता.

हापशाला टेकून एक पहार उभी होती. तिनं ती उचलली.

"ए पोरी! दुसऱ्याच्या जोत्याला हात लावायचा न्हाय!"

"जोत्याला न्हाय लावत. शेजारच्या मातीला लावते."

"आबा, लेकीला आवरा. मला गिऱ्हाइकं कमी न्हाईत."

आबांनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा मानसिंगरावांकडं. मग कोपरीच्या आतल्या खिशाचं बटण लावलं आणि पहार तिच्या हातातून घेतली.

"तिला न्हाय जमायचं," ते म्हणाले. "सरक गं."

भिंतीला लागून त्यांनी माती मोकळी केली. शेवटच्या दगडाखाली पहार आडवी सरकली, तशी वैष्णवीनं पिशवीतून फूटपट्टी काढून खड्ड्यात उभी धरली. मग ते दुसऱ्या जोत्याकडं गेले. चौथ्याला मानसिंगरावांच्या मोटारसायकलला किक बसल्याचा आवाज आला. कुणी मागं वळून पाहिलं नाही. दुपार कलेपर्यंत सगळी जोती तपासून झाली.

अकरांत सगळ्यात खोल पाया नऊ इंच होता.