भोंगाबाईंची दाढ

भोंगाबाईंची तडकलेली दाढ निघाली, पण चांगली झटापट करून, दोन तुकड्यांत. उभा जन्म बसस्थानकावर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात गेला, म्हणून हे नाव. आज मात्र भोंगा बंद होता. अर्धी जीभ बधिर, गालात कापसाचा बोळा.

दातांचा डॉक्टर तरुण होता, हाताचा हलका. खड्ड्यात डोकावून तो खूश झाला. "हाड मस्त आहे. दोन मुळांमधली भिंतही शाबूत. आत्ताच नव्या दाढेसाठी इम्प्लांटचा स्क्रू हाडात बसवला तर याच जखमेत भागेल. थांबलो तर हाड आटतं, पुन्हा हिरडी उघडावी लागते. काय करू या?"

हे विचारलं कुणाला? तर दाराशी उभ्या असलेल्या मुलाला! जबडा आईचा, हाड आईचं, आणि मत मुलाचं. वा रे वा!

"कशाला उगाच?" मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "या वयात नवी दाढ घेऊन काय करायचंय? मऊमऊ खाईल. टाके घाला आणि मोकळं करा."

मऊमऊ! भोंगाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच मेल्याला दात येत होते तेव्हा खांद्यावर घेऊन घरभर फिरवलं. तेव्हा नाही कुणी म्हणालं, या वयात कशाला दात!

"आ करा आजी, टाके घालतो."

भोंगाबाईंनी तोंड मिटलं. गच्च.

"आजी, आ..."

छे! उघडायचं नाव नको.

"दातखीळ बसली की काय हिची?" मुलगा घाबरून पुढे धावला. "आई, अगं तोंड उघड ना!"

त्यांनी मुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टरकडे मात्र असं रोखून पाहिलं, की तो वरमला. मास्क खाली ओढून त्यांच्यासमोर बसला.

"चुकलंच माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. बसवू का?"

भोंगाबाईंनी बोळा थुंकला. "बसवा!" शब्द वाकडा निघाला, लाळ हनुवटीवर आली, पण बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"अगं आई, पण या वयात..."

"मग कुठल्या वयात?" भोंगाबाई कडाडल्या. "माझ्याकडे आता हेच एक वय उरलंय!"

मुलगा मोबाइल खिशात घालून बाहेर जाऊन बसला, आणि भोंगाबाईंनी न सांगता आ केला.