पत्र्यातल्या मुंग्या

प्रियदर्शनीने तळहात लॅपटॉपवरून उचलला, ओढणीला पुसला आणि पुन्हा टेकवला. तळहाताला पुन्हा मुंग्या. घामाने असेल म्हणून तिने चार्जर काढला, मऊ फडकं ओलं करून घट्ट पिळलं आणि लॅपटॉपचं ॲल्युमिनियम कडेकडेने पुसून काढलं. चार्जर काढलेला होता तोवर मुंग्या नव्हत्या. लावला की परत आल्या.

पलीकडच्या खाटेवरून आचल बघत होती. दोघी कृषी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आणि अकोल्यात एकाच भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या.

"पूस अजून. पत्र्याची कोठी हाय ना ते. चमकते का पाय."

"तुया डब्याले बोलू का मी? बिजागरी एमसीलनं चिटकवली हाय."

"चिटकवली, पण चावत तं नाई."

आचलचा प्लास्टिकचा लॅपटॉप त्याच बोर्डावर चालायचा. कोपरे पिचलेले, पडद्याखालची पट्टी निसटलेली, पण निमूट. प्रियदर्शनीचा मागे शेतात बांधावरून दगडावर पडला, तरी कोपऱ्याला एक पोचा आला, बाकी काही झालं नाही. आणि आता हा धड लॅपटॉप हात ठेवू देत नव्हता. प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता.

तो बापाने घेऊन दिलेला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या पुंजाजींनी तो अमरावतीहून बसमध्ये मांडीवर ठेवून आणला होता. नखाने टकटक करून म्हणाले होते, "प्लास्टिक पिचते, हे वाकते. वाकलेलं चालते माय. घासू नको फक्त. ओलं फडकं, बस्स." त्या माणसाला बदलून आणा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

"फोन लाव बाबाले," आचल म्हणाली. "नाईतर करंट लागून मरशीन."

"कोणाले करंट लागून राह्यला?"

दारात घरमालकीण गोदाबाई उभ्या होत्या, खांद्यावर पाण्याचा पाइप. प्रियदर्शनीने सांगितलं. गोदाबाईंनी पाइप खाली ठेवला.

"मले बी येतात मुंग्या. कूलरात पाणी भरतानी. पार खांद्यापर्यंत."

"शुगर हाय तिले!" आतल्या खोलीतून त्यांच्या नवऱ्याचा, भगवंतरावांचा आवाज आला. "शुगरनं हातापायाले मुंग्या येतात, डॉक्टरनं सांगतलं. किती डाव सांगू? अन् पोरी, थो लॅपटॉप बी बदल. अस्सल माल नाई थो."

"गोळी तं खातोच ना मी," गोदाबाई पुटपुटल्या आणि पाइप उचलून मागच्या बाजूला गेल्या.

बाईचं शरीर दर उन्हाळ्यात ओरडून सांगतं आणि घरातला पुरुष ते ओरडणं डॉक्टरच्या चिठ्ठीत गुंडाळून कपाटात ठेवतो. हे याच एका घरात होतं असं कोणी समजू नये. आणि पुरुषच तसं करतो असंही नाही. प्रियदर्शनी शिकलेली पोरगी, तिनेही मान डोलावली. शुगरच असेल.

दुसऱ्या दुपारी भगवंतराव तेरवीला गेले होते, आचल प्रयोगशाळेत. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. प्रियदर्शनी मनगटांखाली टॉवेलची घडी ठेवून टाइप करत होती. केव्हातरी टॉवेल सरकून खाली पडला आणि तिच्या लक्षात आलं की हात उघड्या धातूवर आहेत आणि काहीच होत नाही. चार्जर तर लावलेला होता. वीज होती. मग तिला दुसरी गोष्ट जाणवली. मागच्या कूलरची घरघर थांबली होती. भगवंतराव घरी असले की तो दुपारभर बंद होत नसे. आज गोदाबाईंनी केला होता.

थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. तळहाताला मुंग्या आल्या.

ती क्षणभर हात तसाच ठेवून बसली. मग उठून पळाली.

गोदाबाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. एका हातात पाइप, दुसरा कूलरच्या लोखंडी जाळीकडे निघालेला.

"काकू! हात नका लावू!"

"काहून व? काय झालं बोंबलाले?"

प्रियदर्शनीने आधी कूलरचं बटण बंद केलं, मग श्वास घेतला.

"तुमच्या मुंग्या शुगरच्या नाईत. माह्या बी लॅपटॉपच्या नाईत. दोनी या कूलरच्या हायेत."

गोदाबाईंनी कूलरकडे पाहिलं. पाइपातून पाणी वाहत राहिलं. त्या पायरीवर बसल्या.

"मी म्हणत होती," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होती ना व."

संध्याकाळी भगवंतराव आले आणि ऐकून भडकले.

"दोन बुकं शिकली अन् मले लाइन शिकवते?"

प्रियदर्शनीने वाद घातला नाही. कूलर लावला, खोलीत जाऊन लॅपटॉपला चार्जर जोडला.

"काका, चपला काढा. इथी हात ठेवा."

भगवंतरावांनी हात ठेवला आणि झटकन काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला.

"काका, तुमाले शुगर हाय का?"

"नाई."

"मंग?"

भगवंतरावांनी तळहात धोतरावर चोळला.

"तुमचा हात कोरडा होता," प्रियदर्शनी म्हणाली. "काकू ओल्या फरशीवर उभ्या राहून ओल्या हातानं पाणी भरतात."

भगवंतराव चपला तिथेच सोडून मागे गेले आणि कूलर त्यांनी स्वतः बंद केला.

वायरमन आला तेव्हा सगळं उघडं पडलं. कूलरच्या पंपातून करंट लोखंडात उतरत होता. अर्थिंगची हिरवी वायर घरभर फिरवलेली होती, पण तिचं टोक मीटरपाशी नुसतं लोंबकळत होतं. जमिनीत गेलंच नव्हतं. घर बांधताना भगवंतराव 'पाहू पुढं' म्हणाले होते. म्हणून तो करंट त्याच वायरीने प्रियदर्शनीच्या टेबलापर्यंत यायचा आणि ॲल्युमिनियम तो हातात द्यायचं. प्लास्टिकने कुणाला पत्ता लागू दिला नसता. आचलच्या लॅपटॉपने दिलाच नव्हता.

पंप बदलला. अर्थिंगसाठी खड्डा खोदून त्यात पत्रा, कोळसा, मीठ घातलं. ओल टिकावी म्हणून उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी टाकायला वायरमनने सांगितलं.

प्रियदर्शनीने अमरावतीला फोन लावला.

"बाबा, लॅपटॉप..."

"बिघडला का?"

"नाई बाबा. लय चांगला हाय. थेच सांगाले फोन केला."

सकाळी गोदाबाई खोलीत आल्या. लॅपटॉप चालू होता, चार्जर लावलेला. त्यांनी हात पदराला कोरडे केले, जरा थांबल्या आणि तळवा धातूवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गप हाय व," त्या म्हणाल्या. मग बोटांचे ठसे पदराच्या टोकाने हळूच पुसले. "तुया बापाले माहा जयभीम सांग. म्हणा, तुमच्या पोरीनं अन् तुमच्या वस्तूनं एक बाई वाचवली."

बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला. दोघींनी खिडकीतून पाहिलं. भगवंतराव धोतर खोचून नव्या खड्ड्यात बादली रिकामी करत होते. जेवताना पाण्याचा तांब्याही स्वतः न घेणारा माणूस. बादली घेऊन ते नळाकडे गेले, भरून आणली, ओतली. परत नळाकडे गेले.

"काकू, एका बादलीत भागते. वायरमननं सांगतलं हाय. मी सांगू का त्याइले?"

गोदाबाईंनी तिचं मनगट धरलं. नजर खिडकीबाहेरच होती.

"राहू दे व. टाकू दे त्याइले."